दुरुस्त्या तिच्या, फोटो सरांचा

सरांचा कप मी सगळ्यात शेवटी धुते. आधी इतरांचे कप, मग ताटल्या, मग तो. त्यात कधी गुटख्याची थुंकी असते, कधी विरघळलेलं बिस्किट, कधी दोन्ही एकत्र. बेसिन हाताच्या अंतरावर असतं, पण उठायचा कंटाळा. पहिल्या दिवशी मला वाटलं चुकून झालं असेल. चुकून नव्हतं. तेव्हापासून मी त्या कपाला बोटं लावत नाही, काथ्यानेच उचलते.

सातिवलीला एका औद्योगिक इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं निघतात, समोर पुठ्ठ्याचे खोके होतात आणि आमच्याकडे फोनची ॲप होतात. सर आमचे मालक. मी मनवेलपाड्याहून येते. झाडलोट, लादी, चहापाणी माझ्याकडे. चौथीनंतर माझी शाळा सुटली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ आत ओढली जाते, म्हणून हे कुणाला सांगितलेलं नाही. लिहिताना कोणी तोंडाकडे बघत बसत नाही, एवढं बरं.

गाळ्यात तेव्हा तिघं कामाला होती. दोन मुलगे, त्यातला एक जाड चष्म्याचा आणि तोंडाळ. तिसरी एक मुलगी, जिच्याबद्दल हे लिहितेय. वसईच्या पश्चिमेकडच्या ख्रिस्ती गावातली, घरची केळीची वाडी. घरच्यांशी फोनवर बोलायची ती त्यांची गावची बोली, मला निम्मी कळायची. आमच्याशी मात्र सगळ्यांसारखं बोलायची. दुपारी ती माझ्यासोबत पॅन्ट्रीत जेवायची, कारण बाहेर टेबलावर जेवलं की सर यायचे. "काय आणलंय बेटा? टेस्ट करतो," म्हणत बोटं थेट तिच्या कालवणात. माशाचा तुकडा उचलायचे, काटे काढून झाकणावर ठेवायचे आणि उरलेला तुकडा परत डब्यात. परत डब्यात! ती डबा बंद करायची आणि भूक नाही म्हणायची. एकदा तिच्या आईने माझ्यासाठी सुकेळी पाठवली होती, वसईची वाळवलेली केळी. पुडकं माझ्या हातात यायच्या आधीच सरांनी उघडलं आणि फोनवर बोलता बोलता संपवलं. रिकामा कागद मला दिला. "मावशी, हे टाका."

ती काय करते ते तिनेच मला जेवताना सांगितलं.

"फोनवर फॉर्म भरताना चौकोन येतात ना मावशी? नाव लिहा, तारीख निवडा, बटण दाबा. ते प्रत्येकाने नव्याने करायचं म्हटलं तर जन्म जाईल. म्हणून जगभरातल्या लोकांनी मिळून ते एकदाच करून ठेवलंय. कोणीही न्यावं, वापरावं. मोडलं तर कोणीही दुरुस्त करून परत पाठवावं. त्याला लायब्ररी म्हणतात."

"फुकट?"

"फुकट."

"मग दुरुस्त करणाऱ्याला काय मिळतं?"

"नाव. दुरुस्तीखाली त्याचं नाव राहतं. जगात कुठूनही दिसतं."

आमची सगळी ॲप त्या लायब्ररीवर उभी होती. ती मोडली की आमचं काम अडायचं, आणि मग ते निस्तरायचं काम या मुलीच्या गळ्यात. सगळे तुकडे जोडून एक चालतं ॲप तयार करणं याला ते बिल्ड म्हणतात. एकदा ते बिल्डच होईना. पडद्यावर लाल ओळी यायच्या आणि सगळं थांबायचं. आठवडाभर ती त्या लाल ओळींपुढे बसून होती. शेवटी निघालं काय, तर एका फाईलचं इंग्रजी नाव एका ठिकाणी मोठ्या अक्षराने सुरू होत होतं आणि दुसऱ्या ठिकाणी लहान. आमच्या कॉम्प्युटरना त्याचं काही वाटत नव्हतं. पण शेवटची जोडणी जिथे होते ते मशीन दुसऱ्या पद्धतीचं, त्याला ती फाईल सापडेचना. "एका अक्षरासाठी आठवडा गेला," म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवून हसली. मी तिला न मागता चहा दिला.

बिल्ड झालं तरी पडद्यावरच्या खोडी वेगळ्या. मराठीत लिहिलं की बटणाच्या चौकोनात वरच्या मात्रा कापल्या जायच्या. लहान फोनवर तारखेचं कॅलेंडर खालून वर येणाऱ्या अक्षरपाटीमागे, म्हणजे कीबोर्डमागे, उघडायचं, बोट पोचायचंच नाही. त्यासाठी तिला माझा फोन लागायचा. ऑफिसातले सगळे फोन मोठे आणि नवे, माझाच तेवढा जुना आणि लहान. "मावशी, द्या जरा तुमची लॅबोरेटरी," म्हणायची. मी फोन द्यायची, ती कॅलेंडर उघडायची, नाही दिसलं की जागेवर जाऊन काहीतरी बदलायची, परत यायची. दिसलं त्या दिवशी तिने मला ते दाबून बघायला लावलं. मी माझ्या नातवाचा वाढदिवस निवडला.

या सगळ्या दुरुस्त्या ती बाहेरच्या लोकांना पाठवायची. पण जायच्या त्या सरांच्या नावाने. ऑफिस सुरू झालं तेव्हा सरांनी एकच खातं उघडलं होतं, आणि प्रत्येक कॉम्प्युटरवर तेच चालू. जो कोणी काम करील त्याचं काम सरांच्या नावाने चढायचं. बाजूला सरांचा गोगल लावलेला फोटो, मागे समुद्र.

मला आधी यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे सगळ्याच गाळ्यांत असं चालतं. मी पूर्वी केसांच्या क्लिपा पुठ्ठ्याला लावायचं काम करायची. आम्ही एका ओळीत दहाबारा बायका, आणि प्रत्येक खोक्यावर चिकटायचा तो मुकादमिणीचा नंबर. माल चांगला म्हणून मालक तिला शाबासकी द्यायचा आणि ती मान हलवून घ्यायची. पण क्लिपेखाली नाव कुणालाच नको होतं. क्लिप केसात जाते आणि हरवते. इथे नाव राहतं हे मला त्या मुलीने सांगितल्यावर कळलं, आणि मग तो फोटो बघवेना.

बाहेरच्या लोकांकडून शाबासकी आली की सर मोठ्याने वाचायचे. ती लायब्ररी सांभाळणारी एक परदेशी बाई होती, ती फार मनापासून लिहायची म्हणे. सर तोंडात घास धरून वाचायचे, भाताची शितं पडद्यावर उडायची, ती मीच पुसायची. वाचून झालं की हनुवटी खाजवत म्हणायचे, "बघा, बाहेर किती रिस्पेक्ट आहे आपल्याला." आणि मुलगी समोर बसलेली असायची. तिच्याकडे बघत सुद्धा नसत.

मग तिने एका कंपनीत अर्ज केला. घरून काम, पगार बरा, वाडी आणि आई दोन्ही सांभाळता आली असती. त्या कंपनीने विचारलं, अशा फुकट लायब्रऱ्यांमध्ये तुम्ही केलेलं काम दाखवा. दाखवणार काय? सगळीकडे गोगल.

ती सरांकडे गेली. मी केबिनमध्ये फडका मारत होते.

"सर, खातं तुमचंच राहू दे. दुरुस्तीमध्ये करणाऱ्याच्या नावाची वेगळी जागा असते. तिथे फक्त माझं नाव घालते."

"कशाला?"

"काम मी केलंय ना सर."

"बेटा, पगार कोण देतं? लाईट कोणाची? कॉम्प्युटर कोणाचा? मग?" एवढं बोलून कपात थुंकले. "आपण फॅमिली आहोत. फॅमिलीत असं माझं तुझं करतात का?"

बाहेर आल्यावर चष्मेवाल्याने तिला सोडलं नाही. "नाव घ्यायची फार हौस आहे वाटतं मॅडमना! घ्या ना, उखाण्यात घ्या. बिल्ड झालं ग्रीन, कोड झाला क्लीन..."

"गप रे मेल्या," ती म्हणाली. हसली सुद्धा. पण डोळे भरलेले होते.

पुढच्या दुरुस्तीत तिने स्वतःचं नाव घातलं. सरांना संध्याकाळी कळलं. त्यांनी तिच्या जागेवर बसून ते काढलं आणि स्वतःच्या नावाने परत पाठवलं. काम कसं करायचं ते त्यांना येत नव्हतं, कालवणातला मासा उचलावा तसं नाव कसं उचलायचं ते बरोबर येत होतं. ती मागे उभी राहून बघत होती. सरांनी खुर्चीतून उठताना तिच्या खांद्यावर थोपटलं. मी बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं, तर बेसिन गुटख्याने लाल.

थोड्या दिवसांनी त्या परदेशी बाईचं पत्र आलं. तुम्ही इतक्या दुरुस्त्या केल्यात, आमच्यासोबत लायब्ररी सांभाळणाऱ्यांत या. इतरांचं काम तपासून आत घ्यायचा अधिकार मिळणार होता. त्याआधी पडद्यावर एकमेकांना भेटू, बोलू, एवढंच. सरांनी पेढे मागवले. मुलगी पेढा हातात धरून बसली. त्या कंपनीला उत्तर द्यायला तिच्याकडे थोडेच दिवस उरले होते. ती मला म्हणाली, "मावशी, आता तर त्यांच्या नावाने अधिकार पण जाणार. मग माझं म्हणून मी काय दाखवू?"

ती भेट संध्याकाळी होती. सरांनी नवा शर्ट घातला, केबिनमध्ये मागे एक झाड आणून ठेवलं. मुलीला सांगितलं, तू बाजूला बस, दिसणार नाहीस अशी. त्यांनी काय विचारलं की तू इकडे टाईप कर, मी वाचून सांगतो. खुर्चीवर बसली तर डोकं दिसत होतं. म्हणून सरांनी पॅन्ट्रीतलं माझं स्टूल मागवलं, ज्यावर बसून मी भांडी घासते ते. ओलं होतं. मी ते पुसून दिलं आणि ती त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली, मांडीवर कॉम्प्युटर. कॉलेज शिकलेली पोर. मला त्या क्षणी त्या गाळ्याची, त्या झाडाची, त्या शर्टाच्या वासाची इतकी शिसारी आली की दारातून आत पाऊल टाकवेना. पण चहा द्यायचा होता.

पडद्यावर तीन माणसं होती. पांढऱ्या केसांची ती बाई, एक तरुण, आणि एक आपल्याकडचा वाटणारा गृहस्थ. आधी हसणं, नमस्कार झाले. मग बाईने काहीतरी विचारलं. मुलीने टाईप केलं, सरांनी वाचलं. बाईने पुन्हा विचारलं, सरांनी पुन्हा वाचलं. मग बाईने पुढचा प्रश्न विचारला आणि मुलीचे हात थांबले. ती नुसती पडद्याकडे बघत बसली. सर हसत राहिले, हसता हसता एक बटण दाबलं. त्यांना वाटलं आवाज बंद झाला.

"लिख ना यार, थांबलीस काय? टाईप कर!"

आवाज बंद झालेला नव्हता. तो आपल्याकडचा गृहस्थ पुढे झुकला. "सर, किसको लिखने बोल रहे हैं आप?"

सरांचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. मी दारात ट्रे घेऊन उभी.

"वो... हमारी मावशी है, मावशी. मावशी, इकडे या, या ना! हाय करा."

मी गेले. काय करणार? अख्खा पडदा माझ्या तोंडाकडे बघत होता. माझे कान तापले. तो गृहस्थ हसून हात जोडत म्हणाला, "नमस्ते मौसी. आप लिखती हैं क्या कोड?"

तो थट्टा करत होता हे मला आता कळतं. तेव्हा मला वाटलं तो खरंच विचारतोय, आणि उत्तर द्यायला पाहिजे. मी म्हटलं, "नाही हो दादा. मी चौथी शिकलेली, मला कुठलं येतंय? लिहिते ती ही." आणि खाली स्टुलाकडे बघितलं. हातातला ट्रे सुद्धा तिकडेच वळला असावा, कारण चहा सांडून सरांच्या नव्या शर्टावर गेला.

मुलगी उठली. उभी राहिली ती थेट पडद्यासमोर. आधी तिने आपलं पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, शाळेत हजेरीला सांगतात तसं. मग इंग्रजीत बोलायला लागली. मला शब्द कळले नाहीत. पण बोलताना तिचे हात चालत होते. चौकोन, त्याची उंची, खालून वर येणारी अक्षरपाटी, सगळं हातांनी हवेत दाखवत होती. परदेशी बाई मध्येच विचारत होती आणि ही लगेच सांगत होती. सर शर्ट पुसत मधूनमधून म्हणत होते, "टीमवर्क, टीमवर्क."

कॉल संपल्यावर माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्हाला तोंड उघडायला कोणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच बोलावलंत," मी म्हटलं. एवढंच. तेही पुटपुटले.

मला काढतील असं वाटलं होतं, काढलं नाही. दुसरी बाई शोधायला कोण जाणार? मुलीने दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. परदेशी बाईने पत्र पाठवलं की ज्या खात्यामागे कोण बसलंय ते माहीत नाही त्याला अधिकार देता येत नाही. आधीच्या दुरुस्त्यांवर खरं नाव लावू, पण खातेदाराने हो म्हणायला हवं. सरांनी हो म्हटलं नाही. उत्तरच दिलं नाही. त्या कंपनीने तोवर दुसऱ्या कुणाला घेतलं. म्हणजे पोरीच्या हाती काही लागलं नाही आणि सरांकडे सगळं तसंच. आजही उघडून बघितलं तर मात्रांची दुरुस्ती गोगलखाली आहे, कॅलेंडरची गोगलखाली, त्या एका अक्षराची सुद्धा.

ती गावी घरूनच कामं घ्यायला लागली, बारीकसारीक. आणि लायब्ररीतल्या खोडी दुरुस्त करणं तिने थांबवलं नाही. आता स्वतःच्या खात्याने, स्वतःच्या नावाने. पहिली दुरुस्ती आत घेतली गेली तेव्हा तिचा फोन आला.

"मावशी, आलं."

"नाव?"

"हो. माझं."

"बरं झालं गं बाय," मी म्हटलं. मी पॅन्ट्रीत होते, बाहेर सर चहा मागत होते.

बऱ्याच महिन्यांनी, तिची पुष्कळ कामं चढल्यावर, त्या लोकांनी फॉर्मचा भाग तिच्याकडे सांभाळायला दिला. आता दुसऱ्यांच्या दुरुस्त्या ती तपासणार. आणि एके दिवशी दुपारी तिचा फोन.

"मावशी, ऑफिसात हल्ली लायब्ररीचं काम कोण करतं?"

"चष्मेवाला. का?"

"त्याची दुरुस्ती आलीय माझ्याकडे. चांगली केलीय हो गाढवाने. पण सरांच्या नावाने आलीय."

"मग?"

तिकडे टाईप केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "मी परत पाठवते. काम बरोबर आहे, ज्याने केलं त्याने आपल्या नावाने पाठवावं, असं लिहिते."

अर्ध्या तासात केबिनमधून आवाज आला. सर काय काय बोलले ते मी लिहिणार नाही, मी ते लिहायला शिकलेले नाही. शिव्या सोडून उरलं ते एवढंच: ही पोरगी आम्हाला शिकवणार, हिला मी खुर्ची दिली, हिला मी कोड शिकवला. चष्मेवाला भिंतीला टेकून उभा होता. एरवी एवढं तोंड, आता नुसता चष्मा पुसत होता. सर म्हणाले पाठवूच नका. पण ग्राहकाचं ॲप त्या दुरुस्तीशिवाय बिल्ड होत नव्हतं, आणि ग्राहक रोज फोन करत होता. दोन दिवस सरांची आरडाओरड झाली, शेवटी चष्मेवाल्याने आपलं खातं उघडलं आणि दुरुस्ती त्याच्या नावाने गेली. त्याच संध्याकाळी ती आत घेतली गेली. मी कचरा काढत होते तेव्हा तो एकटाच बसून पडदा बघत होता. फोनने पडद्याचा फोटो काढला आणि कुणाला तरी पाठवला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशी, आईला पाठवला." उखाणा घे म्हणावंसं वाटलं, पण तो इतका लहान दिसत होता की राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. ग्राहकाचं काम झालेलं, खुशीत होते. सगळ्यांसमोर चष्मेवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय, दिलं की नाही तुझं नाव? मी माझ्या पोरांना पुढे आणतो. मागे कोणाला ठेवत नाही मी. काय मावशी, खरं की नाही?"

मी त्यांचा चहा पुढे ठेवला. त्यांनी घोट घेतला, उरलेल्या चहात थुंकले आणि कप माझ्याकडे सरकवला.